हान्स वेरची हिरवी डिक्शनरी, एक पिवळी पट्टी आणि ‘फॉलो’चे सतरा अर्थ

आधी ह्या अरबी-इंग्रजी डिक्शनरीचं रेटिंग सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांनी इथूनच परत फिरावं: पाचपैकी सव्वाचार. पाऊण कुठे कापला ते ओघात येईलच.

मी मूळची चिपळूणची, दुबईतल्या जेबेल अलीला एका वेअरहाउसमध्ये डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. पुण्यात असताना दोन वर्षं संध्याकाळचे अरेबिकचे क्लास केले होते, तेही खरं सांगायचं तर घरी लवकर जायचं नाही म्हणून, पण इथे बायोडेटात ती एक ओळ दिसली आणि ऑफिसने ठरवूनच टाकलं की हिला अरेबिक येतं. तेव्हापासून सगळ्या नोटिसा, सेफ्टीचे बोर्ड, अपघाताचे रिपोर्ट, एचआरची पत्रकं, इंग्रजीतून अरबीत पहिला कच्चा मसुदा माझा, आणि मग तो जातो आमच्या मंदूबकडे. मंदूब म्हणजे सरकारी कामं करणारे पीआरओ, आमचे इजिप्तचे आहेत, आधी शाळेत अरबी शिकवायचे, त्यामुळे त्यांना सगळे उस्ताज म्हणतात. उस्ताज लाल पेन वापरत नाहीत. नुसते हसतात. ते जास्त लागतं.

तर डिक्शनरी माझ्याकडे पुण्यापासून होती, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून साडेआठशेला घेतलेली, पण बॅगेच्या तळाशी पडून. ती बाहेर काढायची वेळ आली एका पिवळ्या पट्टीमुळे. वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्टच्या रस्त्यापासून माणसांनी लांब चालावं म्हणून जमिनीवर पिवळी पट्टी मारली आणि भिंतीवर बोर्ड हवे होते, इंग्रजीत ‘फॉलो द यलो लाइन’. मला दुसरं काम होतं, मी फोनवरच्या ट्रान्सलेशन ॲपमध्ये ओळ टाकली, जे आलं ते कॉपी केलं, छापायला पाठवलं, बारा बोर्ड. ॲपने दिलं होतं ‘ताबिअ अल-ख़त्त अल-असफ़र’. बोर्ड लागले, दुसऱ्या दिवशी उस्ताज तिथून जात होते, थांबले, बोर्ड वाचला, मग जमिनीकडे बघितलं, मग पुन्हा बोर्ड, आणि मला म्हणाले, “या उस्ताज़ा, या पट्टीचे किती भाग झाले? मी मधले काही बघितले नाहीत.”

भानगड अशी की ‘ताबिअ’ म्हणजे फॉलो कर हे बरोबर आहे, पण ते सिरियल फॉलो करतात तसं, बातम्या फॉलो करतात तसं, इन्स्टाग्रामवर कोणाला करतात तसं. नाहीतर मग ‘चालू ठेव’. पट्टीवरून, रस्त्यावरून, सूचनेबरहुकूम जायचं असेल तर ‘इत्तबिअ’. आणि गंमत बघा, छापील अरबीत दोन्हींत तीच चार अक्षरं आहेत, ते, अलिफ, बे, ऐन. अलिफ दुसऱ्या घरात असला तर सिरियल बघा, पहिल्या घरात आणला तर पट्टीवरून चाला. एक अलिफ एक घर सरकला आणि बारा बोर्ड वाया. कोणाला कळलं नसतं असं नाही हां, लोक समजून घेतात, पण सेफ्टीच्या बोर्डवर समजून घ्यायला लावू नये एवढं मलाही कळतं.

त्या रात्री बॅगेतून ही हिरवी वीट काढली.

ज्यांनी कधी बघितली नसेल त्यांच्यासाठी: हान्स वेर नावाच्या जर्मन अरबीतज्ज्ञाची ही आधुनिक लेखी अरबीची डिक्शनरी, मूळ जर्मन १९५२ची, इंग्रजी आवृत्ती जे. मिल्टन कोवन यांनी संपादित केलेली १९६१ची, आणि आत्ता सगळीकडे दिसते ती चौथी आवृत्ती १९७९ची. पेपरबॅक हिरवा, आकाराने छोटा पण जाड, तेराशेच्या वर पानं, आणि टाइप इतका बारीक की पंचांगवाले पण लाजतील. अरबीतून इंग्रजीत आहे, इंग्रजीतून अरबीत नाही. म्हणजे माझ्या कामाच्या बरोब्बर उलट्या दिशेची! तरी मी हिचं कौतुक करतेय, का ते सांगते.

ही डिक्शनरी शब्दाच्या पहिल्या अक्षराने लावलेली नाही, धातूने लावलेली आहे. शाळेत संस्कृतचे धातू ज्यांनी घोकलेत त्यांना हे चटकन कळेल. ‘फॉलो’च्या घरातले बरेचसे शब्द ते-बे-ऐन या तीन अक्षरांखाली एकाच ठिकाणी बसलेत, पुस्तकाच्या अगदी सुरुवातीकडेच, कारण ‘ते’ हे तिसरंच अक्षर. आणि तिथे मूळ क्रियापद झालं की पुढे नुसते रोमन आकडे, दोन, तीन, चार, पाच असे. सुरुवातीला मला वाटलं हे अर्थांचे नंबर आहेत! तसं नाहीये. एका धातूला ठरलेल्या साच्यांत ओतून नवी क्रियापदं होतात, ते साचे ठरलेले आणि त्यांना नंबर आहेत. वेरबुवा साच्याचा नुसता नंबर देतात, शब्द स्वतः तयार करून घ्यायचा. आळशी माणसाला हे पुस्तक दारातच उभं करतं.

आता मुद्द्याचं. त्या रात्री मी वहीत ते-बे-ऐनचे सगळे साचे उतरवले आणि समोर इंग्रजी अर्थ लिहायला लागले, तर प्रत्येकासमोर फॉलो, फॉलो, परस्यू, फॉलो, ट्रेल, फॉलो. डोकं पिकलं. मग कंटाळून इंग्रजी खोडलं आणि मराठी लिहिलं. आणि अहो, सगळं जागच्या जागी बसलं ना!

पहिला, साधा, तबिअ: मागोमाग जाणे. तिसरा, ताबअ: पाठपुरावा करणे, लावून धरणे, चालू ठेवणे. म्हणून ऑफिसातलं ‘फॉलो-अप’ म्हणजे मुताबआ आणि पाठपुराव्याला ह्याहून चांगला अरबी शब्द नाही. पाचवा, ततब्बअ: मागोवा घेणे, एकेक पाऊल धरत माग काढत जाणे, म्हणून पार्सल ट्रॅक करतात त्याला ततब्बुअ. सहावा, तताबअ: पाठोपाठ येणे, एकामागून एक, कर्ता अनेकवचनी, ट्रका आल्या, बातम्या आल्या. आठवा, इत्तबअ: पाळणे, अनुसरणे, नियम, मार्ग, पंथ, डॉक्टरचं पथ्य. दहावा, इस्तत्बअ: एखाद्या गोष्टीने आपल्यामागून दुसरी ओढून आणणे, ओघाने येणे. (देवनागरीत ऐनची काही सोय नाही, मी ‘अ’वर भागवतेय, जाणकारांनी सांभाळून घ्या.)

बघा म्हणजे. मागोमाग, पाठोपाठ, पाठपुरावा, पाठलाग, मागोवा, अनुसरणे, पाळणे. इंग्रजीने ह्या सगळ्यांना एकाच फॉलोच्या खोलीत कोंबलंय, आणि आपण मात्र त्यांना वेगवेगळी दारं ठेवली आहेत, अरबांसारखीच. माझं सगळं चुकत होतं ते इंग्रजीतून थेट अरबीत उडी मारत होते म्हणून. आता आधी वाक्य मराठीत म्हणून बघते, आईला फोनवर सांगताना कसं सांगीन तसं, मग वेरमध्ये जाते. ‘पिवळी पट्टी पाळा’ किंवा ‘पट्टीवरूनच चला’ असं म्हटलं असतं तर आठवा साचा आपोआप सुचला असता, ‘पट्टीचा पाठपुरावा करा’ असं कोणी शुद्धीवर असताना म्हणेल का?

दुसरा किस्सा चेझचा. आमच्या ऑफिसात इंग्रजीतला हा फार आवडता शब्द, सप्लायरला चेझ करा, पेमेंट चेझ करा, हे पार्सल चेझ करा. एकदा मेल अरबीत करायची होती कस्टम्सच्या एजंटला, ॲपने (तेच, नाव घेत नाही, सगळ्यांच्या फोनमध्ये असतं तसलंच एक) लिहिलं ‘तारिद अत-तर्द’. मी म्हटलं वा, यमक पण जुळतंय. उस्ताजने वाचलं आणि खुर्चीतून उठून कुत्र्यासारखं पार्सलमागे धावायची ॲक्शन करून दाखवली, साठीतला माणूस.

तारद म्हणजे पाठलाग, पोलीस चोराचा करतात तो, शिकारी सशाचा करतो तो. त्याचा मूळ धातू बघितला तर तरद, म्हणजे हाकलणे, घालवून देणे. तिसऱ्या साच्यात घातलं की समोरच्याला गुंतवून घेणं येतं, हाकलत हाकलत मागे लागणे. आणि त्याच धातूचं नाम ‘तर्द’ म्हणजे हकालपट्टीही आणि पोस्टाचं पार्सलही! नोकरीवरून काढणं तेही तर्द, फुटबॉलमध्ये लाल कार्ड दाखवून बाहेर काढणं तेही तर्द. माझ्या टेबलावर एकदा नुसतं ‘तर्द’ लिहिलेली चिठ्ठी होती आणि मी दहा मिनिटं घाम पुसत बसले होते. रिसेप्शनवर पार्सल आलं होतं. तर पेमेंटला, पार्सलला चेझ करायचं असेल तर आपला साधा मुताबआ, पाठपुरावा. हे मराठीत आधी म्हटलं असतं तर कळलंच असतं, आपण पेमेंटचा पाठलाग करत नाही, पाठपुरावा करतो. (करून मिळत नाही तो भाग वेगळा.)

तिसरा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एचआरने छळाविरुद्धचं पत्रक काढलं, त्यात एक कलम होतं की सहकाऱ्याला कामाच्या ठिकाणी किंवा बाहेर सतत फॉलो करणं ही गैरवर्तणूक. आधीचा अरबी मसुदा बाहेरच्या एका एजन्सीकडून आला होता, पैसे देऊन केलेला, त्यात मुताबआ लिहिलेलं. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार सोशल मीडियावर फॉलो करू नका असं म्हणतायत, नाहीतर कामाचा आढावा घेऊ नका. आमच्या पॅकिंगमध्ये मुली आहेत, शिफ्ट रात्री अकराला सुटते, बसच्या थांब्यापर्यंत कोणीतरी मागे मागे येतं ह्याची तक्रार ह्याच कलमाखाली व्हायची असते. तिथे शब्द बोथट करून चालत नाही. मी वेर उघडला, लाम-हे-क़ाफ़. लहिक़ म्हणजे गाठणे, जाऊन मिळणे. तिसरा साचा लाहक़, मागे लागणे, पिच्छा पुरवणे. त्याचं नाम मुलाहक़ा. उस्ताजला दोन्ही दाखवले, ते ह्या वेळी हसले नाहीत, म्हणाले मुलाहक़ा, आणि खाली स्वतःच्या हाताने एक शब्द वाढवला, ‘सतत’ला. कायद्याच्या भाषेतही हाच शब्द येतो, खटला भरून मागे लागणं म्हणजे मुलाहक़ा क़दाइय्या. म्हणजे पिच्छा पुरवणाऱ्याचा पिच्छा पुरवायलाही तोच शब्द, हे मला आवडलं.

ह्याच धातूचे बाकीचे शब्द बघितले तर पत्राला जोडतात ती पुरवणी मुल्हक़, दूतावासातला अताशे पण मुल्हक़, कॉलेजात दाखल होणं इल्तहक़. एकदा धातूच्या घरात शिरलं की बाहेर पडवत नाही, हा ह्या पुस्तकाचा गुण म्हणा नाहीतर दोष, शब्द एक शोधायला जाते आणि अर्धा तास जातो.

दाखल म्हटलं तेव्हा आठवलं. मराठी माणसाला ह्या डिक्शनरीत आणखी एक बोनस आहे जो जर्मन आणि अमेरिकन लोकांना फुकटात मिळत नाही. हालचालीचे किती अरबी शब्द फारसीमार्गे आपल्याकडे येऊन बसलेत! दखल म्हणजे आत शिरला, आपलं दाखल. ख़रज म्हणजे बाहेर पडला, त्याचा भाऊबंद आपला खर्च, पैसा बाहेर पडतो तोच की. वसल म्हणजे पोचला, त्याचं नाम वुसूल, आपलं वसूल, थकबाकी पोचली. नज़ल म्हणजे उतरला, उतरायची जागा मंज़िल, त्यातून आपली मजल दरमजल. आणि इथे फोनवर डाउनलोडला तनज़ील म्हणतात, त्याच धातूचा दुसरा साचा, उतरवणे, आणि आपणही उतरवून घ्या म्हणतोच की. जरा म्हणजे धावला, वाहिला, घडला, त्यातून आपलं जारी. आणि ते-बे-ऐनमधूनच ताबा, ताबेदार! जो मागोमाग चालतो तो ताबेदार. तीन वर्षं मी धातू घोकतेय आणि सातबाऱ्याच्या भाषेत तो कायम डोळ्यासमोर होता.

सगळ्यात भारी हरकत. अरबीत हरका म्हणजे हालचाल, आणि अक्षरांवर-खाली ज्या स्वरांच्या खुणा देतात त्यांनाही हरकात म्हणतात, अक्षराला हलवतात म्हणून. पण रोजच्या छापील अरबीत ह्या खुणा देतच नाहीत. म्हणजे अक्षरशः हरकत नाही. आणि हरकत नाही म्हणून मग तबिअ का तब्बअ ते तुमचं तुम्ही ओळखा. वेर इथे उपयोगी पडतो कारण तो मूळ क्रियापद रोमन लिपीत स्वरांसकट देतो, वर्तमानकाळात मधला स्वर कोणता तेही एका अक्षरात देतो. आणि क्रियापदाचं कर्म माणूस आहे का वस्तू, का मध्ये ‘बि’ किंवा ‘इला’ लागतं, ह्याच्या छोट्या खुणा असतात, त्या आधी मला माशीच्या पायासारख्या वाटायच्या. आता मी शब्दाच्या आधी त्याच बघते. ॲप हे कधीच सांगत नाही.

ग़ज़लवाल्यांसाठी एक आतली. कोणाच्या पावलावर पाऊल टाकून जाणे ह्याला अरबीत इक़्तफ़ा असरहू असं एक छान म्हणणं आहे, असर म्हणजे ठसा, पाऊलखूण (आणि हो, आपला असर तोच). इक़्तफ़ाचा धातू क़ाफ़-फ़े-वाव, मानेच्या मागच्या बाजूला क़फ़ा म्हणतात, म्हणजे मानेमागे मानेमागे जाणे. आणि त्याच धातूतून काफिया! ओळीच्या मागून येतो तो काफिया. हे वाचल्यावर मी भलतीच हुशार झाले आणि उस्ताजला सांगितलं की मग काफिला पण तिथलाच असणार, एकामागून एक उंट. ते म्हणाले पुस्तक उघड. उघडलं तर काफिल्याचा धातूच वेगळा, क़ाफ़-फ़े-लाम, प्रवासाहून परतणे. आणि त्याच नोंदीत पुढच्याच ओळींत क़ुफ़्ल, म्हणजे आपलं कुलूप. घरी परत यायचं आणि कुलूप, एका खणात. अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही तिथे पुस्तक लागतं ते असं.

आता फक्त फॉलोच नाही, हालचालीच्या सगळ्याच इंग्रजी क्रियापदांत ही गोची आहे. इंग्रजी क्रियापदात कसं हललं ते सांगते आणि कुठे गेलं ते पुढच्या चिटुकल्या शब्दावर ढकलते: रॅन इन, लिम्प्ड आउट, स्वॅम अक्रॉस. अरबी उलटं, क्रियापद म्हणजे दिशा, शिरला, निघाला, ओलांडलं, आणि कसं ते मागून लावायचं. दखल राकिदन, शिरला, धावत. ख़रज यअरुजु, बाहेर आला, लंगडत. अबर अन-नहर सिबाहतन, नदी पार केली, पोहून. झालं ना आपलंच वाक्य? धावत, लंगडत, पोहून, आपण तर हेच करतो, आपल्याला ‘तो घरात-आत धावला’ म्हणवतसुद्धा नाही. क्लासमध्ये ह्या ‘कसं’ला हाल म्हणतात हे शिकवलं होतं आणि आम्ही दोन आठवडे त्याचे हाल हाल करून घेतले होते, कारण शिकवत होते इंग्रजीतून. बाई एकदा जरी म्हणाल्या असत्या की मराठीतलं ‘धावत’ आठवा, तर तासाभरात झालं असतं.

अपघाताच्या रिपोर्टात हे कामाला येतं. एकदा मूळ इंग्रजी होतं की कामगार कोल्ड स्टोअरमधून ‘रॅन आउट’, घसरला, सुपरवायझर त्याला ‘फॉलो’ करत बाहेर आला. ॲपने पहिल्या अर्ध्या वाक्यात नफ़िद घातलं, म्हणजे संपलं, साठा संपला! इन्शुरन्सवाल्याला वाटलं असतं की कोल्ड स्टोअरमधले कामगार संपले. मी मराठीत म्हटलं: कामगार धावत बाहेर आला, घसरला, सुपरवायझर त्याच्या मागोमाग आला. मग अरबी: ख़रज राकिदन, आणि सुपरवायझरला फॉलोचं कुठलंच क्रियापद नको, ख़रज वराअहु, त्याच्यामागून बाहेर पडला, बस. उस्ताजने त्या कागदावर काही केलं नाही, सही करून परत दिला. मी तो झेरॉक्स काढून ठेवलाय. खरं तर ‘रकद’ म्हणजे धावलालाच ‘बाहेर’ जोडून लिहिलं तरी आजकालच्या अरबीत चालतं, वर्तमानपत्रात दिसतं, चूक म्हणणार नाही, पण उस्ताजच्या भाषेत त्याला इंग्रजीचा वास येतो.

आता पाऊण स्टार. एक, ते टाइप. चाळिशी लागलेल्यांनी भिंगासकटच विचार करावा, मी लुलू हायपरमार्केटमधून घेतलं एक. दोन, वय. १९७९नंतर जग कुठच्या कुठे गेलं. मुताबिअ म्हणजे सोशल मीडियावरचा फॉलोअर, हे त्यात कसं असणार? तनज़ील बघायला जाल तर उतरवणे आणि अवतरण मिळेल, कुराणाच्या संदर्भातलं, फोनचं काही नाही. फॉलोअर म्हणायला एखाद्या गुरूचे अत्बाअ, कोणाच्या हाताखालचा ताबिअ आणि इन्स्टाचा मुताबिअ, ह्यात शेवटचा तुम्हाला बाहेरूनच शिकावा लागतो. तीन, इंग्रजीतून अरबीत जायला हिचा सरळ उपयोग नाहीच. त्यासाठी मुनीर बअलबक्कींची अल-मौरिद आहे, बैरूतची, पहिल्यांदा १९६७ला आलेली, आमच्या ऑफिसात एक जाडजूड प्रत कपाटावर आहे. मी आधी मौरिदमध्ये फॉलो बघते, तिथे अरबी क्रियापदांची रांग मिळते, मग त्या रांगेतल्या एकेकाला वेरमध्ये नेऊन त्याची चौकशी करते, कुठून आलास, कोणाबरोबर जातोस. नुसत्या मौरिदवर विसंबलं तर रांगेतला पहिला उचलायचा मोह होतो आणि तिथेच ॲपमध्ये आणि आपल्यात काही फरक राहत नाही. ज्यांना धातू ओळखता येत नाहीत त्यांनी रूही बअलबक्कींची १९८८ची अरबी-इंग्रजी मौरिद घ्यावी, ती सरळ पहिल्या अक्षराने लावलेली आहे, वाईट नाही, पण शेजारपाजार दिसत नाही तिच्यात. काफिल्याशेजारी कुलूप तिथे नाही भेटणार.

चौथी गोष्ट स्टारची नाही, पण पुस्तक हातात असताना आठवते म्हणून लिहिते. ह्या डिक्शनरीचं काम नाझी काळात सुरू झालं आणि आधुनिक अरबी वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या करून देणाऱ्यांत हेडविग क्लाइन नावाची हॅम्बुर्गची एक तरुण ज्यू अरबीतज्ज्ञ होती. १९४२च्या जुलैत तिला आउशवित्झला नेलं, ती परत आली नाही. अरबीत रे-हे-लामपासून रिहला म्हणजे सहल, आणि त्याचाच दुसरा साचा तरहील म्हणजे माणसाला उचलून देशाबाहेर पाठवणं. हा शब्द गल्फमधल्या प्रत्येक मजुराला माहीत असतो, अरबीचं दुसरं एक अक्षर येत नसलं तरी. ती नोंद मी एकदाच बघितली.

कोणी घ्यावी? ज्याला अरबी लिपी वाचता येते, थोडं व्याकरण झालंय आणि ॲपच्या उत्तरावर सही करायला भीती वाटते, त्याने डोळे झाकून. नुसतं दुबईला फिरायला येणाऱ्याने अजिबात नको, सामानाचं वजन वाढेल. मुलाने क्लास लावलाय म्हणून पहिल्या महिन्यात घेऊन देणार असाल तर सहा महिने थांबा. नवी महाग वाटली तर जुनी बघा, माझ्या प्रतीत आधीच्या मालकाने ते-बे-ऐनच्या पानावर पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, बिचारा तिथेच अडकला असावा.

बोर्ड पुन्हा छापले, इत्तबिअवाले, पैसे माझ्या पगारातून गेले नाहीत एवढं नशीब. पण छापणाऱ्याने अकराच पाठवले, त्यामुळे पॅन्ट्रीच्या वळणावर जुना एक अजून तसाच आहे. उस्ताज रोज चारच्या चहाला जाताना त्याच्यासमोर थांबतात, पट्टीकडे बघतात आणि मला ऐकू येईल अशा आवाजात विचारतात, “एल-हल्आ एल-गय्या इम्ता?” पुढचा भाग कधी.